खिशांतील चाकू

अकोल्यास आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मध्यंतरीं आम्ही गेलों असतां एक वाद ऐकावयास मिळाला. घर एकत्र, माणसें चौदा. तेव्हां वादास तेथें कधींच तोटा नसतो. परंतु या वादांत आम्हांसच पंच नेमण्यांत आल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

त्या घरची एक मुलगी अमरावतीस शिकावयास असते. शनिवारीं सायंकाळीं ती बडनेऱ्यास गाडी धरते व रात्रीं अकोल्यास उतरते. गाडीस उशीर झाला म्हणजे स्टेशनाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत तिला एकटीलाच उभें राहावें लागतें. दोन वेळां कोणा टवाळानें कांहीं अंतरापर्यंत तिचा पाठलाग केला. हें कळतांच तिच्या थोरल्या चुलतभावानें फोनवरून मागवून एक बटणाचा चाकू आणला व दिवाळीची ओवाळणी म्हणून तिच्या हातीं ठेवला. बटण दाबतांच पातें खट्कन बाहेर येतें, याची लहान मुलांना मोठी मौज वाटली. आजोबांनीं नातवाची पाठ थोपटली. मुलीच्या आईनें मात्र तो चाकू कपाटांत घालून कुलूप लावलें. "चाकू निवडण्यांत माझी चूक झाली आहे कीं नाहीं, एवढेंच तुम्ही सांगा," असें त्या तरुणानें आम्हांस विचारलें. मुलगी कांहींच बोलली नाहीं.

आपल्या घरांत चाकू ही कांहीं नवी वस्तु नव्हे. विळी, अडकित्ता व सुरी यांच्यावांचून आपला संसार चालत नाहीं. पेन्सिलीला टोंक करावयास, सुतळी कापावयास, प्रवासांत संत्रें वा पेरू चिरावयास वडील माणसें खिशांत मिटणारा चाकू बाळगीत असत, आणि तो मागितल्यावर ते पातें स्वतःकडे व मूठ मागणाराकडे करून देत. चाकू कसा द्यावा हेंसुद्धां घरांत शिकविलें जाई. तेव्हां चाकू बाळगावा कीं न बाळगावा, हा वाद नव्हेच. वाद आहे तो कोणता चाकू आणि कशासाठीं, हा.

बटणाच्या चाकूची रचना सोपी आहे. मुठींत पोलादी कमान ताणून बसविलेली असते. पातें मिटलेलें असतांना एक लहानसा खटका त्यास अडवून धरतो. बटण दाबलें कीं खटका सरकतो, कमानीच्या जोरानें पातें उघडतें व पुन्हा खटक्यांत अडकून घट्ट बसतें. कांहीं चाकूंचें पातें बाजूनें फिरून येतें, तर कांहींचें मुठीच्या तोंडांतून सरळ पुढें येतें. यांत गुण एकच, कीं तो एका हातानें उघडतो. अमेरिकेंत १९५८ सालीं कायदा करून अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घालण्यांत आली, तेव्हां ज्याला एकच हात आहे अशा मनुष्यास आंखूड पात्याचा असा चाकू बाळगण्याची सवलत ठेवण्यांत आली होती. या एका सवलतींत त्या चाकूचा खरा उपयोग कोणता, हें सांगून झालें आहे.

दोष मात्र अनेक. खिशांतील सुताचे तंतु व धूळ आंत जाऊन खटका अडतो. बटणावर रोधक कळ नसेल तर किल्ल्यांच्या दाबानें पातें खिशांतच उघडून मांडीस जखम होते. सरळ पुढें येणाऱ्या पात्यास वाटेंत कशाचाहि अडथळा झाला, तर तें आपल्या खांचेंतून सुटून अर्ध्यावरच लटकतें. स्वस्त चाकूची कमान थोड्याच दिवसांत सैल पडते. म्हणजे ज्या एका क्षणासाठीं तो घ्यावयाचा, त्या क्षणीं तो उघडेलच असा भरंवसा देतां येत नाहीं. अकोल्याच्या त्या चाकूचें बटण आम्हीं दहा वेळां दाबून पाहिलें. सातव्या वेळीं पातें अर्धेंच आलें.

आतां कायद्याकडे वळूं. विकणारे लोक सरसकट सांगतात कीं, नऊ इंचांच्या आंतील पात्यास परवाना लागत नाहीं. हें अर्धसत्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंची गणना शस्त्रांत केली असून घरगुती, शेतकीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. परंतु त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमानें केंद्र सरकारास एखाद्या प्रदेशापुरता अधिक कडक निर्बंध घालण्याचा अधिकार दिलेला आहे. दिल्लींत १९८० च्या अधिसूचनेनें ७.६२ सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच, व त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर व त्याहून रुंद पात्याचे कमानीचे व बटणाचे चाकू सार्वजनिक जागीं बाळगण्यावर निर्बंध आला, आणि तेथील न्यायालयांत असे खटले कितीतरी चालले. अकोल्याचा मुलगा परीक्षेसाठीं वा नोकरीच्या मुलाखतीसाठीं दिल्लीस गेला, तर घरीं कोणीहि न विचारलेला चाकू तेथें त्यास आरोपी करूं शकतो.

महाराष्ट्रापुरता आणखी एक कायदा लक्षांत ठेवला पाहिजे. १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाप्रमाणें पोलीस आयुक्तांना व जिल्हादंडाधिकाऱ्यांना शांतता राखण्यासाठीं मनाईहुकूम काढतां येतो. त्या कलमांत तरवारी व भाले यांच्याबरोबर सुऱ्या, काठ्या व लाठ्या यांचाहि स्पष्ट उल्लेख आहे. सण, निवडणुकी व मोर्चे यांच्या दिवसांत असा हुकूम निघाल्याची लहानशी बातमी वर्तमानपत्राच्या आंतल्या पानांत येते व आपण ती ओलांडून पुढें जातों. हुकूम मोडणारास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते, आणि विशेष कारण नोंदविल्यावांचून ती चार महिन्यांहून कमी करतां येत नाहीं. अमरावतीनें २०२१ च्या नोव्हेंबरांत व अकोल्यानें २०२३ च्या मे महिन्यांत दंगल व संचारबंदी अनुभवली आहे. त्यानंतर भीतीपोटीं कित्येक घरांत शस्त्राच्या गोष्टी निघाल्या असतील, हें आम्ही समजूं शकतों. पण ज्या दिवसांत भीति सर्वांत अधिक, त्याच दिवसांत खिशांतील चाकू सर्वांत अधिक गुन्ह्याचा ठरतो, हें विसरतां कामा नये. पोलिसानें झडती घेतली असतां "हा फळें कापण्यासाठीं आहे" असें बटणाच्या टोंकदार चाकूविषयीं सांगून कोणाची खात्री पटणार?

"मग आत्मरक्षणाचा हक्क कोठें गेला?" असें आजोबांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त आहे. तो हक्क कोठेंहि गेलेला नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितलेला आहे, आणि त्यापूर्वीं १८६० च्या दंडसंहितेंतहि तो होता. आपल्या व दुसऱ्याच्या देहाचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि प्राणाची वा अब्रूची खरोखर भीति असेल तर तो फार दूरवर पोंचतो. पण त्यास दोन मर्यादा आहेत. सरकारी साहाय्य घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाहीं. आणि रक्षणास जेवढी आवश्यक तेवढीच इजा करतां येते. पाठलाग करणारा टवाळ नुसता शब्द टाकून जवळ आला, मुलीनें घाबरून बटण दाबलें व त्याच्या पोटास जखम झाली, तर काय होईल? धोकादायक हत्यारानें दुखापत करणें हा त्याच संहितेच्या ११८ व्या कलमाचा गुन्हा आहे, आणि जखम भारी असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊं शकते. त्या रात्रीं किती भीति वाटली होती आणि किती इजा आवश्यक होती, हें पुढें न्यायालयांत सिद्ध करीत बसण्याची पाळी त्या मुलीवर येईल. न्याय तिच्या बाजूनें होईलहि; पण मधलीं वर्षें परत मिळणार नाहींत.

कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी व्यवहारांत चाकू रक्षण करितो काय? अंगावर येणारा मनुष्य हातभर अंतरावर आल्यावांचून चाकूचा उपयोग नाहीं, आणि तो इतका जवळ आला म्हणजे चाकू हिसकावून घेणेंहि त्यास सोपें होतें. भ्यालेल्या मनुष्याचीं बोटें थरथरतात. पर्समध्यें रुमाल, वही व डबा यांच्या खालीं गेलेला चाकू सांपडेपर्यंत पळून जाण्याची वेळ निघून जाते. घडीच्या चाकूस बहुधा हाताची आड नसते. त्यामुळें ओला हात घसरून स्वतःच्याच पात्यावर येतो. याहून वाईट गोष्ट अशी, कीं पर्समध्यें चाकू आहे या धीरानें माणूस अंधाऱ्या वाटेनें जातो, जेथें तो एरवीं गेला नसता.

येथें आजोबांनीं प्रतापगडचा दाखला दिला. महाराजांनीं हातीं लहान शस्त्रच घेतलें होतें ना? होतें. परंतु १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दिवशीं अंगरख्याखालीं चिलखत होतें, भेटीची जागा महाराजांनीं स्वतः निवडलेली होती, सोबतीस विश्वासू माणसें होतीं आणि जावळीच्या रानांत फौज दबा धरून बसली होती. शस्त्र हा त्या दिवसाचा शेवटचा भाग होता. पहिला भाग पूर्वतयारीचा होता. आपण मुलीच्या हातीं शेवटचा भाग तेवढा देतों, आणि पहिल्याचा विचार करीत नाहीं.

पूर्वतयारीचा विचार करावयास वऱ्हाडास दूर जाण्याचें कारण नाहीं. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन आपले देशी खेळ परदेशी लोकांना दाखविले. तेथें आज मुलीहि शिक्षण घेतात. आपल्या आखाड्यांची जुनी पद्धति पाहा. जंबिया शिकवावयाचा तो लाकडाचा. लाठी फिरविण्यापूर्वीं पाय कसे टाकावे व अंतर कसें राखावें, हें आधीं. शस्त्र हातीं येण्यापूर्वीं शरीर व मन तयार होई, आणि ज्याचें मन तयार झालें त्यास शस्त्र काढण्याची पाळी क्वचितच येई. दोन वर्षें व्यायामशाळेंत जाणाऱ्या मुलीचें चालणें बदलतें, आवाज बदलतो, धांवण्याचा दम वाढतो. बटण दाबून यांपैकीं कांहींच मिळत नाहीं.

आतां चाकू कोणता घ्यावा, या मूळ प्रश्नाचें उत्तर देतों. चाकू कामासाठीं घ्यावा, व काम डोळ्यांपुढें ठेवूनच निवडावा. फळें, सुतळी, पार्सलावरील चिकटपट्टी, औषधाची पुडी, एवढ्या कामास अडीच इंचांचें पातें पुरे होतें. तो हातानें उघडणारा असावा. स्वित्झर्लंडचा सुप्रसिद्ध चाकू मुळांत शिपायांसाठीं होता. कार्ल एल्झेनर यानें १८९१ पासून तो सैन्यास पुरविला, आणि त्यांत पात्याबरोबर डबा उघडण्याचें साधन, पेंचकस व भोंक पाडण्याची आर होती. शिपायालासुद्धां खिशांतील चाकू कामासाठींच लागला, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याचें पातें मागच्या कमानीच्या दाबानें उघडें राहतें, पक्कें अडकत नाहीं. म्हणून त्यानें टोंचावें वा उचकटावें असें काम करूं नये, नाहीं तर तें बोटांवर मिटतें. फ्रान्समधील ओपिनेल या लांकडी मुठीच्या चाकूस १९५५ पासून फिरती कडी बसवितात. कडी फिरविली कीं पातें पक्कें होतें. मुलांच्या घरांत अशी कडी फार उपयोगी.

पोलाद दोन प्रकारचें मिळतें. साध्या कार्बन पोलादास धार लवकर व चांगली लागते, पण संत्र्याच्या व लिंबाच्या रसानें तें काळें पडतें व पावसाळ्यांत गंजतें. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं क्रोमियम घालून न गंजणारें पोलाद तयार केलें. त्याची धार लावण्यास थोडे अधिक श्रम पडतात, परंतु संत्र्यांच्या आपल्या मुलखांत खिशांतील चाकूस तेंच बरें. दुकानांत चाकू उघडून पातें आडवें हलवून पाहावें. तें डुलत असेल तर घेऊं नये. मिटतांना धार मुठीच्या आंत पुरती जाते कीं नाहीं, तें पाहावें. पातें मुठीच्या मधोमध बसावें. नख घालण्याची खांच खोल असावी. धार बोथट होऊं देऊं नये, कारण बोथट चाकूस जोर अधिक लावावा लागतो व हात तेव्हांच कापतो. आणि चाकू बरोबर घेऊन कोठें जावयाचें, हें ठाऊक असावें. शाळा, परीक्षागृह व न्यायालय येथें तो नेऊं नये. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून २०२५ च्या एप्रिलपासून मुंबईस विमान जाऊं लागलें. विमानाच्या प्रवासांत चाकू हातांतील पिशवींत चालत नाहीं, तो सामानांत द्यावा लागतो.

टोंकदार, दुधारी, पात्यावर आंकडे व नक्षी असलेला चाकू घेऊं नये. तो काम कमी करितो व संशय अधिक उत्पन्न करितो. रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांनीं घरोघर ओळखीचा केला. त्या शहरानें २०२३ सालीं एका चौकांत सुमारें वीस फुटी चाकू उभारून आपल्या कारागिरांची आठवण जपली, हें योग्यच झालें. कारागिरी चौकांत शोभते. खिशांत तिचा अर्थ निराळा होतो.

एवढें सांगून आम्हीं त्या तरुणास उत्तर दिलें: चाकू निवडण्यांत तुमची चूक झाली, पण ती लहान चूक होय. मोठी चूक घराची आहे. त्या घरांत मोटारसायकली तीन व मोटार एक. मिळवते पुरुष पांच. यांपैकीं कोणीहि शनिवारीं रात्रीं स्टेशनावर जात नव्हता, कारण गाडीची वेळ निश्चित नसते आणि दुसऱ्या दिवशीं रविवार असला तरी प्रत्येकास कांहीं ना कांहीं असतें. चाकूची किंमत देणें सोपें होतें. रात्रीं अकरा वाजतां थंडींत फलाटावर अर्धा तास उभें राहणें कठीण होतें. जें आपण करावयाचें, तें एका बटणावर सोंपवून आपण मोकळे झालों होतों. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण फार बाळगतों. पण चौदा माणसांच्या घरची मुलगी जर स्टेशनाबाहेर एकटीच उभी राहत असेल, तर त्या एकत्रपणाचा तिला उपयोग कोणता?

मुलीनें स्वतः काय करावें, हेंहि सांगितलें पाहिजे, कारण प्रत्येक वेळीं घरचें माणूस असेलच असें नाहीं. गाडींत त्रास झाला तर रेल्वेचा १३९, बाहेर ११२ व महिलांसाठीं १८१ हे क्रमांक पाठ असावेत. फोनांत असणें निराळें व पाठ असणें निराळें. बडनेऱ्याहून गाडी सुटली कीं घरीं कळवावें, मूर्तिजापूर गेलें कीं पुन्हा कळवावें. फलाटावर उजेडाखालीं, चहावाल्याजवळ वा कुटुंब घेऊन आलेल्या प्रवाशांजवळ उभें राहावें. गळ्यांत लहानशी शिटी व हातांत बॅटरी असावी. शिटीनें कोणाचें रक्त निघत नाहीं आणि दहा माणसें वळून पाहतात. कोणी मागें येत असेल तर लाजून गप्प न बसतां मोठ्यानें ओरडावें. आणि घडलेली गोष्ट त्याच दिवशीं घरीं सांगावी. ती सांगतां यावी यासाठीं, "उद्यांपासून जाणें बंद" असें उत्तर घरानें देतां कामा नये. तसें उत्तर मिळेल या भीतीनें कित्येक मुली बोलतच नाहींत, आणि मग त्यांचें रक्षण कोणालाच करतां येत नाहीं.

त्या दिवशीं वाद मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. आजोबांस आमचें म्हणणें पुरतें पटलें नाहीं. त्यांच्या मतें हल्लींच्या काळांत हातीं कांहीं तरी असावेंच. पण मुलीच्या आईनें स्वयंपाकघरांतील दिनदर्शिका आणून पुढील दोन महिन्यांच्या शनिवारांवर एकेकाचें नांव लिहावयास सांगितलें. पहिल्या शनिवारावर थोरल्या काकांनीं आपलें नांव घातलें. दुसऱ्यावर त्या तरुणानें. मुलगी तेव्हां प्रथम बोलली. ती म्हणाली, "मला व्यायामशाळेंत नांव घालावयाचें आहे. त्याची फी कोण देणार?"

बटणाचा चाकू अद्याप कपाटांतच आहे. फी आजोबांनीं भरली.